७०-२०० मिमी एफ/२.८: कार्यक्रम आणि पोर्ट्रेटसाठी टेलिफोटो झूम कशी वापरायची

७०-२०० मिमी एफ/२.८ ही झूम लेन्स पहिल्यांदा हातात आली की बहुतेक जण एकच करतात. आहेत तिथेच उभे राहतात आणि माणूस फ्रेममध्ये हवा तेवढा दिसेपर्यंत झूम रिंग फिरवतात. फोटो येतात, त्यातले काही चांगलेही निघतात. पण मागे काय आलं, चेहरा कसा दिसला, गर्दीतून माणूस किती सुटा झाला, हे सगळं नशिबावर राहतं. एक ते दीड किलोचं ओझं दिवसभर वागवून पदरात एवढंच पडणार असेल तर सौदा महागाचा आहे.

या लेन्सकडे मी मुख्यतः पार्श्वभूमी निवडायचं साधन म्हणून बघतो. कुठे उभं राहायचं ते आधी पायांनी ठरवायचं, रिंगला हात त्यानंतर. खालचं सगळं याच क्रमाने जातं.

आधी थोडं गणित

जवळून काढलेल्या चेहऱ्यात नाक मोठं दिसतं आणि कान मागे जातात. लांबून काढलेल्या फोटोत मागची इमारत माणसाच्या पाठीला चिकटल्यासारखी वाटते. या दोन्हींचं श्रेय किंवा दोष लेन्सला दिला जातो, पण हा परिणाम फक्त अंतराचा असतो. एकाच जागेवरून ७० मिमीला काढलेला फोटो मधून कापून २०० मिमीएवढा केला, तर चेहऱ्याची आणि मागच्या वस्तूंची प्रमाणं तीच निघतात. लांब फोकल लेंथचा (म्हणजे मिमीतल्या मोठ्या आकड्याचा) उपयोग असा, की लांब उभं राहूनही फ्रेम भरता येते.

फुलफ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) ३६ बाय २४ मिमीचा असल्यामुळे हिशेब सोपा पडतो. कॅमेरा उभा धरला, २०० मिमी लावली आणि माणूस १० मीटरवर असला, तर फ्रेममध्ये १.८ मीटर उंची मावते. डोक्यावर आणि पायांखाली थोडी जागा सोडून पूर्ण माणूस हवा असेल तर ११ मीटर लागतात. ७० मिमीला तेच काम ४ मीटरवर होतं. डोकं आणि खांदे, म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर उंचीचा भाग हवा असेल तर २०० ला ३.३ मीटर, १३५ ला सव्वादोन मीटर आणि ७० ला जेमतेम १.२ मीटर.

आता या माणसाच्या मागे १० मीटरवर भिंत आहे असं धरा. ७० मिमीच्या उभ्या फ्रेममध्ये त्या भिंतीची ३.८ मीटर रुंदी येईल, २०० मिमीच्या फ्रेममध्ये फक्त १.६ मीटर. चेहरा दोन्ही फोटोंत तेवढाच मोठा. म्हणजे भिंतीवरचा स्विचबोर्ड, शेजारची कचरापेटी, कोपऱ्यात रचलेल्या खुर्च्या यातलं बरंचसं २०० ला आपोआप फ्रेमबाहेर जातं. जे उरतं ते तुम्ही एखादं पाऊल डावी-उजवीकडे सरकून घालवू शकता, कारण पट्टी अरुंद आहे.

डेप्थ ऑफ फील्डबद्दल (फोकसच्या पुढे-मागे जेवढी खोली स्पष्ट येते तिच्याबद्दल) एक समज फार पक्का बसलेला असतो. २०० ला ती कमी आणि ७० ला जास्त, असं सरसकट म्हटलं जातं. चेहरा फ्रेममध्ये तेवढाच ठेवला आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र; एफ/२.८ हे त्याचं माप, आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) तेच ठेवलं, तर दोन्हींत ती जवळजवळ सारखीच असते. वरच्या उदाहरणात एफ/२.८ ला दोन्हीकडे साडेचार सेंटिमीटरच्या आसपास. फरक पडतो तो मागच्या वस्तूंच्या आकारात. २०० ला त्या मोठ्या होऊन येतात, त्यांचा धूसरपणाही तेवढाच मोठा होतो, आणि म्हणून पार्श्वभूमी पुसून टाकल्यासारखी दिसते.

क्रॉप, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या बॉडीवर ही लेन्स १०५-३०० सारखी वागते (कॅननच्या बॉडीवर ११२-३२०). मोकळ्या मैदानात हा फायदाच. लहान सभागृहात मात्र ७० च्या टोकालाही पाठ भिंतीला टेकते, तेव्हा जागा आधी बघून घ्या.

जवळच्या अंतरावर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. काही लेन्स जवळ फोकस केल्या की त्यांची खरी फोकल लेंथ घटते. निकॉनची २००९ ची ७०-२०० एफ/२.८ व्हीआर २ यासाठी ओळखली जाते. सर्वांत जवळच्या फोकसला तिचे २०० मिमी साधारण १३५ मिमीसारखे दिसतात. फोटो यामुळे बिघडत नाही, पण डोकं-खांद्यांची फ्रेम अपेक्षेपेक्षा सैल का येते याचं उत्तर मिळतं.

लेन्सवरची बटणं एकदा शांतपणे बघून घ्या

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लेन्स हातात घेऊन प्रत्येक बटण कुठल्या बाजूला आहे ते बघा. फोकस लिमिटरचं बटण सर्वांत जास्त दगा देतं. लेन्स कुठल्या अंतरापासून पुढेच फोकस शोधेल, हे ते ठरवतं. ही मर्यादा कॅननच्या बऱ्याच ७०-२०० लेन्सवर २.५ मीटर, सोनीवर ३ मीटर आणि निकॉनच्या व्हीआर २ वर ५ मीटर आहे. मंचावरच्या फोटोंसाठी ती लावून ठेवणं चांगलं. मध्ये एखादं डोकं आलं तरी लेन्स जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येत बसत नाही. पण त्यानंतर कुणी दोन मीटरवर येऊन ‘माझा एक फोटो काढा’ म्हणालं की लेन्स फोकसच करत नाही, आणि ती बिघडली असं वाटून घाम फुटतो. मंचाचं काम संपलं की बटण ‘फुल’ वर.

स्टॅबिलायझेशनच्या (हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीच्या) मोडांची नावं कंपनीगणिक वेगळी आहेत. कॅनन आणि सोनीवर मोड १ सर्व दिशांची थरथर सांभाळतो, मोड २ पॅनिंगसाठी (हलत्या माणसामागे कॅमेरा एकाच दिशेने फिरवण्यासाठी) आहे, आणि काही लेन्सवर वेड्यावाकड्या हालचालींसाठी मोड ३ असतो. निकॉनच्या नव्या लेन्सवर नॉर्मल आणि स्पोर्ट. भाषण आणि पोर्ट्रेटसाठी मोड १ किंवा नॉर्मल ठेवा. नृत्यासाठी मोड ३ किंवा स्पोर्ट बरा, कारण माणसाच्या मागे कॅमेरा फिरवताना व्ह्यूफाइंडरमधलं चित्र अडखळत नाही. जुनी लेन्स ट्रायपॉडवर लावली तर स्टॅबिलायझेशन बंद करा.

ट्रायपॉड कॉलरचा (लेन्सभोवतीच्या, स्टँडला जोडायच्या कड्याचा) स्क्रू किंचित सैल ठेवला की मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) कॅमेरा आडव्याचा उभा क्षणात होतो. मोनोपॉड वापरणार नसाल तर कॉलरचा पाय वरच्या बाजूला फिरवा. तळहाताला तो टोचत नाही आणि लेन्स उचलायला मूठही मिळते. पट्टा शक्यतो कॉलरलाच अडकवा. बॉडीला पट्टा आणि खाली लोंबकळणारी जड लेन्स, यात सगळा ताण माउंटवर, म्हणजे लेन्स बॉडीला जोडते त्या जागी येतो.

हूड (लेन्सच्या तोंडाशी लावायचं नळकांडं) कायम लावलेला असावा, बंद सभागृहातसुद्धा. बाजूने येणारा स्पॉटलाइट तो अडवतो आणि गर्दीतला धक्काही आधी त्याला बसतो. यूव्ही फिल्टरबद्दल माझं मत असं, की मंचावरच्या कामात तो काढून ठेवावा. काळ्या पार्श्वभूमीवर तेज दिवे असले की फिल्टरच्या सपाट काचेवरून परावर्तन होऊन फोटोत हिरवट ठिपके उमटतात. धूळ उडते किंवा पाणी अंगावर येतं अशा जागी तो पुन्हा चढवा.

धरायची पद्धत

डावा तळहात लेन्सच्या खाली, वजनाच्या मध्यावर. अंगठा आणि तर्जनी झूम रिंगवर. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकलेली. पाय एकामागे एक, खांद्याएवढे फाकलेले. श्वास अर्धा सोडून शटर हळू दाबा. भिंत, खांब, खुर्चीची पाठ, जे मिळेल त्याला टेका. एवढ्यानेच बराच फरक पडतो.

वजनाबद्दल खोटा धीर देण्यात अर्थ नाही. सोनीची पहिली ७०-२०० जीएम १४८० ग्रॅमची होती, २०२१ ची दुसरी आवृत्ती १०४५ ग्रॅमवर आली. नव्या लेन्स हलक्या झाल्यात, तरी बॉडी धरून दोन किलोच्या आसपास वजन होतंच. तीन-चार तासांच्या कार्यक्रमात हात थकतात आणि थकलेल्या हाताला १/१२५ सेकंदही पुरत नाही. भाषणं लांबणार असतील तर मोनोपॉड न्या. त्याने फोटो स्थिर येतात हे झालंच, पण मला त्याचा मोठा फायदा वाटतो तो असा, की कॅमेरा डोळ्याला लावून मिनिटभर वाट बघता येते. चांगला हावभाव बहुतेक वेळा त्या मिनिटातच येतो.

शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ

शटर स्पीड फोकल लेंथच्या उलट असावा, म्हणजे २०० मिमीला १/२०० (क्रॉप बॉडीवर १/३००), हा जुना नियम फक्त तुमच्या हाताच्या थरथरीसाठी आहे. स्टॅबिलायझेशनही तेवढंच सांभाळतं. समोरचा माणूस हलला तर दोन्ही निरुपयोगी. म्हणून शटर माणसाच्या हालचालीवरून ठरवा. शांत बसलेल्या श्रोत्याला १/१६० चालतं, हातवारे करणाऱ्या वक्त्याला १/२५०, मंचावर चालत येणाऱ्याला १/३२०. नृत्यासाठी १/५०० पासून सुरुवात करा आणि उड्या-गिरक्या असतील तर १/८०० पर्यंत जा. भरपूर मेगापिक्सेलच्या बॉडीवर मोठ्या आकारात बघितल्यावर बारीक थरथरही दिसते, तिथे एक पायरी वर राहा.

सभागृहात अ‍ॅपर्चर बहुतेक वेळ एफ/२.८ वरच राहतं. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) त्यानंतर जिथे जाईल तिथे जाऊ द्या. ३२०० किंवा ६४०० ला घाबरून शटर खाली आणणं हा वाईट व्यवहार आहे. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर बराच कमी करता येतो, हललेला चेहरा नाही.

मंचावरचा प्रकाश स्थिर असेल तर पूर्ण मॅन्युअल वापरा. वक्त्याच्या कपाळावर एक-दोन फोटो तपासून आकडे ठरवा आणि पुन्हा हात लावू नका. प्रकाश सतत बदलत असेल तर शटर आणि अ‍ॅपर्चर मॅन्युअल, आयएसओ ऑटो, आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे १ च्या आसपास. फ्रेममध्ये काळा पडदा जास्त असला की कॅमेरा सगळा सरासरी उजेड वाढवायला बघतो आणि चेहरे पांढरेफटक होतात. हायलाइटला (सर्वांत उजळ भागांना) प्राधान्य देणारं मीटरिंग (उजेड मोजायची पद्धत) बॉडीत असेल तर तेच लावा.

निळे, जांभळे आणि लाल एलईडी ही वेगळीच डोकेदुखी. अशा प्रकाशात एकूण हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण एकच रंग पूर्ण भरून गेलेला असतो आणि चेहऱ्यावर नाक-डोळ्यांचे तपशील उरत नाहीत. तिन्ही रंगांचे वेगळे हिस्टोग्राम बघायची सवय लावा, एक्स्पोजर आणखी थोडं कमी करा आणि रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. तरीही जमलं नाही तर पांढरा दिवा चेहऱ्यावर पडायची वाट बघा. बहुतेक कार्यक्रमांत तो अधूनमधून पडतो.

फोटोत आडवे पट्टे दिसले तर कारण दिव्यांचं लुकलुकणं असतं. इलेक्ट्रॉनिक शटरवर ते जास्त येतं, तेव्हा पहिला उपाय मेकॅनिकल शटर. ५० हर्ट्झची वीज असते तिथे १/१०० किंवा १/५० ला साध्या दिव्यांचे पट्टे जातात, ६० हर्ट्झला १/१२० किंवा १/६०. अँटी-फ्लिकरची सोय असेल तर चालू करा. मागे मोठा एलईडी पडदा असेल तर कार्यक्रम सुरू होण्याआधी त्याच्यासमोर पाच-सहा वेगवेगळ्या शटर स्पीडचे फोटो काढून बघा. कुठला स्पीड चालतो हे त्या पडद्यालाच विचारावं लागतं.

फोकस

कार्यक्रम असो की पोर्ट्रेट, मी सलग फोकस ठेवतो, म्हणजे एएफ-सी किंवा सर्व्हो, ज्यात कॅमेरा शटर दाबेपर्यंत फोकस बदलत राहतो. ३.३ मीटरवर २०० मिमी आणि एफ/२.८ ला हाताशी साडेचार सेंटिमीटर आहेत. समोरचा माणूस उभ्या उभ्या झुलतो, तुम्हीही झुलता. एकदा फोकस धरून मग फ्रेम बदलली तर डोळ्याऐवजी कान स्पष्ट येतो.

डोळा ओळखणारा फोकस असेल तर बिनधास्त वापरा, पण मंचावर दोन-तीन चेहरे असले की तो मधेच दुसऱ्यावर उडी मारतो. तेव्हा लहान फोकस क्षेत्र निवडून ते हव्या त्या चेहऱ्यावर ठेवा आणि डोळ्याची ओळख त्या क्षेत्रापुरतीच राहू द्या. लेन्सवर फोकस होल्डचं बटण असेल तर त्याला हाच बदल नेमून देता येतो. वक्त्यासमोर जाडजूड माइक असेल तर डोळा न ओळखणाऱ्या जुन्या बॉडी माइकवरच फोकस करतात. अशा वेळी एकच पॉइंट, जवळच्या डोळ्यावर.

झूम करून फोकस घ्यायचा आणि मग फ्रेम मोठी करायची, ही व्हिडिओवाल्यांची जुनी युक्ती फोटोच्या लेन्सवर सरसकट चालत नाही. बऱ्याच आधुनिक झूम लेन्समध्ये फोकल लेंथ बदलली की फोकस किंचित सरकतो. आधी झूम, मग फोकस.

कार्यक्रमाच्या दिवशी

अर्धा तास आधी पोचा आणि रिकाम्या मंचाकडे बघत सभागृहात फिरा. तीन प्रश्नांची उत्तरं हवी आहेत: वक्ता कुठे उभा राहणार, त्याच्या मागे काय दिसणार, आणि तुम्ही कुणाच्या डोळ्यांआड न येता कुठून कुठे जाऊ शकता.

पहिल्या रांगेसमोर बसकण मारणं सोपं, पण मंच उंच असतो. मीटरभर उंच मंचावरच्या माणसाचं डोकं, तुम्ही उभे असलात तरी, तुमच्या डोळ्यांपेक्षा साधारण मीटरभर वर असतं. तीन मीटरवरून बघितलं तर कॅमेरा १८ अंश वर करावा लागतो आणि फोटोत हनुवटी आणि नाकपुड्या येतात. १२ मीटर मागे गेलात की हाच कोन ५ अंशांवर येतो आणि माणूस समोरासमोर असल्यासारखा दिसतो. लांब लेन्स आणलीच आहे तर मागे जा. मधली वाट किंवा बाजूची वाट, जिथे पुढच्या डोक्यांचा अडथळा नाही ती जागा.

समोरून वक्त्याचं तोंड माइकने झाकलं जातं. बाजूला ३० ते ४५ अंश सरका. माइक हनुवटीच्या बाजूला जातो, चेहऱ्याला घडण येते, आणि मागे झगझगीत पडद्याऐवजी काळोख मिळण्याची शक्यता वाढते. वक्ता कुठल्या बाजूला जास्त बघतो ते दोन मिनिटांत कळतं. त्याच बाजूला थांबा.

बोलणाऱ्या माणसाचे बरेच फोटो वाईट येतात, कारण शब्द उच्चारताना तोंड वेडंवाकडं होतं. वाक्य संपतं, माणूस थांबतो, श्रोत्यांकडे बघतो किंवा विनोद सांगून हसायची वाट बघतो, तो क्षण हवा. म्हणून भाषण ऐका. ऐकत असलात की विराम कधी येणार ते आधी कळतं. तीन-चार फोटोंचा छोटा बर्स्ट पुरे. सलग वीस फोटो काढले तर घरी गेल्यावर वीस सारखे चेहरे निवडत बसावं लागतं, आणि शेजारच्या श्रोत्याला आवाजाचा त्रास होतो तो वेगळाच.

पुरस्कार किंवा मानपत्र देताना दोन माणसं, एक वस्तू आणि चार हात फ्रेममध्ये लागतात. ७० ते १०० मिमी. इथे एफ/२.८ चा हट्ट सोडा. १०० मिमीला सहा मीटरवरून एफ/४ वर ८५ सेंटिमीटरच्या आसपास खोली स्पष्ट मिळते, आणि एक माणूस अर्धं पाऊल मागे असला तरी दोन्ही चेहरे सापडतात. देणारा हात पुढे करतो तेव्हा एक, वस्तू दोघांच्या हातात असते तेव्हा एक, आणि घेणारा पहिल्यांदा तिच्याकडे बघतो तेव्हा एक. तिसरा बहुतेकदा सर्वांत चांगला निघतो. त्यानंतर सगळे तुमच्याकडे वळून हसतात. तोही काढा, आयोजकांना तोच हवा असतो.

नृत्याला घट्ट फ्रेमचा मोह आवरा. हात आणि पाय कधी कुठे जातील सांगता येत नाही, आणि कापलेली बोटं नंतर जोडता येत नाहीत. एकल नर्तकाला जागा सोडून फ्रेम घ्या, मग अधूनमधून चेहरा आणि हातांसाठी २०० वर जा. उडीच्या सर्वांत वरच्या टोकाला हालचाल क्षणभर मंदावते, तिथे शटर दाबा. संगीताच्या कार्यक्रमात वादकाची बोटं आणि डोळे एकाच अंतरावर येतील असा कोन शोधा, म्हणजे एफ/२.८ वरही दोन्ही सापडतात.

आणि मंचाकडे पाठ करा. श्रोत्यांचे फोटो ही या लेन्सची माझ्या लेखी सर्वांत आवडती कामगिरी. मंचाच्या बाजूला उभे राहून २०० मिमीने प्रेक्षकांकडे बघा. त्यांच्या चेहऱ्यांवर मंचाचाच प्रकाश पडलेला असतो आणि कॅमेरा लांब असल्यामुळे कुणी सावध होत नाही. खांद्यांच्या आणि डोक्यांच्या धूसर चौकटीतून एकच हसणारा चेहरा काढला की कार्यक्रमाचा सगळा माहोल त्यात येतो. टाळ्या वाजवताना हात चेहऱ्यासमोर येतात, म्हणून टाळ्यांपेक्षा त्यांच्या आधीचं हसू पकडा.

एकाच बॉडीवर काम असेल तर लेन्स बदलण्याच्या वेळा कार्यक्रमपत्रिका बघून ठरवा. स्वागत आणि गर्दी २४-७० ला, भाषणं आणि सादरीकरण ७०-२०० ला. दोन बॉडी असतील तर एकेकीवर एकेक लेन्स लावून हार्नेसवर टाका आणि निघण्याआधी दोन्हींची घड्याळं जुळवून घ्या, नाहीतर संगणकावर फोटोंचा क्रम लागत नाही.

पोर्ट्रेट

पोर्ट्रेटचं काम माणूस येण्याआधी सुरू होतं. २०० मिमी लावून व्ह्यूफाइंडरमधून रिकाम्या जागा बघत फिरा. डोळ्यांना सुंदर दिसणारी बाग या लेन्सला काही कामाची नसते, आणि सावलीतला झाडोरा किंवा लांबवरची उन्हातली भिंत यांची दीड मीटरची पट्टी अप्रतिम निघते. मानेच्या उंचीवर आडवी रेघ, डोक्यामागे खांब आणि चेहऱ्यापेक्षा उजळ ठिपका, या तीन गोष्टी टाळा. गुडघ्यावर बसलं की पार्श्वभूमी आकाशाकडे सरकते, उंच उभं राहिलं की जमिनीकडे.

मग माणसाला पार्श्वभूमीपासून लांब आणा. तुमच्यापासून माणूस जेवढा लांब, त्याच्या निदान दोन-तीन पट पार्श्वभूमी त्याच्या मागे असू द्या. भिंतीला टेकून उभ्या माणसाच्या मागची भिंत एफ/२.८ काय किंवा आणखी काय, पुसली जात नाही.

अंतर चेहऱ्यावरून ठरवा. डोकं आणि खांद्यांसाठी दोन ते अडीच मीटर आणि १२० ते १५० मिमी बहुतेक चेहऱ्यांना साजतं. नाक ठळक असेल तर थोडं मागे जाऊन २०० करा. चेहरा गोल आणि भरलेला असेल तर फार लांबून तो आणखी पसरट दिसतो, तिथे जवळ या. पूर्ण उभा माणूस २०० ला ११ मीटरवरून काढून बघा. अशी पार्श्वभूमी छोट्या लेन्सला जमत नाही.

११ मीटरची अडचण अशी, की बोललेलं नीट ऐकू जात नाही. ओरडून सूचना दिल्या की समोरचा माणूस ताठ होतो. म्हणून आधी जवळ जाऊन निवांत गप्पा मारा, काय करायचं ते स्वतः करून दाखवा, दोन-तीन हातखुणा ठरवून घ्या (हनुवटी खाली, खांदा वळव, चालत ये) आणि मग मागे जा. लांबून काढताना मधूनमधून कॅमेरा खाली करून मान डोलवा. काही प्रतिसादच आला नाही तर माणसाला वाटतं, आपण चुकतोय.

अ‍ॅपर्चर एफ/२.८ वर चिकटलेलं नसतं. चेहरा समोर असेल तर २.८ ठीक. तीन-चतुर्थांश वळलेला असेल आणि दुसरा डोळाही हवा असेल तर एफ/४. दोन माणसं असतील तर एफ/४ ते ५.६ आणि दोघांची डोकी सेन्सरला समांतर रेषेत. दोन रांगांच्या गटासाठी १०० मिमी, सात मीटर, एफ/५.६ असं धरलं तर दीड मीटरहून जास्त खोली मिळते. फ्रेमच्या कडेला दिव्यांचे ठिपके मांजराच्या डोळ्यासारखे चपटे दिसत असतील तर एफ/४ ला ते बरेच गोल होतात.

प्रकाशासाठी मोकळी सावली सर्वांत सोपी. सूर्य मागे ठेवून काढायचं असेल तर हूड असूनही काचेवर ऊन पडतंय का बघा. पडत असेल तर फोटो धुवट होतो; एक पाऊल सरका किंवा सहकाऱ्याला हाताने सावली धरायला सांगा. एक्स्पोजर चेहऱ्यावरून ठरवा, मागचं थोडं उजळलं तरी चालेल.

फ्लॅश वापरणार असाल तर एक गोष्ट मोकळं करणारी आहे: प्रकाशाची ताकद फ्लॅशपासून माणसापर्यंतच्या अंतरावर ठरते, कॅमेऱ्याच्या अंतराशी तिचा संबंध नाही. तुम्ही दहा मीटरवर असा, सॉफ्टबॉक्स दीड-दोन मीटरवरच राहू द्या आणि रेडिओ ट्रिगर वापरा. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ/२.८ ला शटर १/३२०० च्या आसपास जातो, तर बहुतेक बॉडींचा फ्लॅश सिंक (फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत वेगवान शटर) १/२०० ते १/२५० चा असतो. मग दोन वाटा उरतात: हायस्पीड सिंक, ज्यात फ्लॅशची बरीच ताकद वाया जाते, किंवा चार स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश चार वेळा निम्मा करणारी काळसर काच). लहान फ्लॅश असेल तर मी एनडी निवडेन.

समोर पानं, पडदा किंवा काच हूडला जवळजवळ चिकटवून त्यातून काढलं तर कडेला रंगाचा मऊ धूसर थर येतो. छान दिसतं. दर पोर्ट्रेटला केलं तर लवकरच कंटाळवाणं होतं.

काही किरकोळ पण उपयोगी

१.४ पट टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणारी, फोकल लेंथ वाढवणारी जोडलेन्स) लावला की लेन्स ९८-२८० एफ/४ होते, २ पटला १४०-४०० एफ/५.६. उजेडातल्या मोठ्या मैदानावर ठीक, अंधाऱ्या सभागृहात नको. विकत घेण्याआधी तो तुमच्या लेन्सला बसतो का बघा. कॅननच्या २०१९ च्या आरएफ ७०-२०० एफ/२.८ ला तो बसतच नाही, २०२४ च्या झेड आवृत्तीला बसतो.

फक्त बाहेर, दिवसा पोर्ट्रेट काढणाऱ्याने एफ/४ ची हलकी लेन्स घ्यावी असं मी सांगेन. एका स्टॉपचा फरक सभागृहात फार मोठा असतो, उन्हात जवळजवळ नसतो.

तापलेल्या डांबरावरून किंवा वाळूवरून लांबचा फोटो मऊ आला तर लेन्सला दोष देऊ नका. गरम हवेच्या लाटांमुळे तपशील पसरतात, आणि जवळ जाण्याखेरीज त्यावर इलाज नाही. थंड खोलीतून दमट हवेत जाताना लेन्स बॅगेतच बंद ठेवा आणि बाहेरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर पुढच्या काचेवर बाष्प धरतं.

निवड करताना आधी डोळे शंभर टक्के मोठे करून बघा. पापण्या स्पष्ट असतील तरच फोटो पुढच्या फेरीत. पापण्या मऊ पण कान किंवा कॉलर कडक असेल तर फोकस चुकला. फ्रेममधलं काहीच कडक नसेल आणि सगळं एकाच दिशेला ओढलं गेलं असेल तर तुमचा हात हलला. पार्श्वभूमी स्थिर आणि फक्त माणूस ओढलेला असेल तर शटर कमी पडला. या तीन दोषांचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून टाकून दिलेल्या फोटोंतला कुठला दोष जास्त आहे ते बघून पुढच्या कार्यक्रमाला तेवढंच एक बदला.